काही निघालं तर कळवते

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिरलं की डाव्या हाताला जी पहिली खिडकी लागते, ती चौकशीची. काचेला खाली एक अर्धवट भोक, त्यातून कागद सरकवायचा. वर पत्र्याची गोल चाळणी, तिच्यातून बोलायचं. उंच माणसाला वाकावं लागतं आणि बुटक्याला टाचा वर कराव्या लागतात, म्हणजे ही खिडकी नेमकी कोणाच्या मापाने बसवली हे देवालाच ठाऊक. त्या काचेच्या आत गेली बावीस वर्षं एकच बाई बसतात. विद्यार्थी त्यांना ‘नाहीबाई’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण चाळणीतून आवाज दोन्ही बाजूंनी जातो, त्यामुळे बाईंना ते पक्कं माहीत आहे.

आता नाव पडायला कारण घडलंय, ते नाकारून चालणार नाही. हॉस्टेलला जागा आहे? नाही. तारीख वाढली? नाही. साहेब आहेत का? नाही. पण यात बाईंचा काय हो दोष? जे असतं त्याची पाटी बाहेर टांगलेलीच असते. खिडकीशी माणूस येतो तो नसलेलं विचारायला. दिवसाला शंभर वेळा तोच शब्द म्हणायचा तर तो जिभेच्या टोकावरच बसून राहतो. पुढेपुढे तर समोरच्याचा प्रश्न निम्मा व्हायच्या आत बाईंचं उत्तर चाळणीतून बाहेर पडलेलं असायचं.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना माहीत नव्हती. ‘नाही’ म्हटल्यावर, प्रश्न जर खरोखरच गरजेचा वाटला, तर बाई पुढे आणखी चार शब्द म्हणायच्या, “काही निघालं तर कळवते.” आणि माणूस वळला की टेबलाखालच्या पेटीतून एक लांबट, लाल पाठीची वही काढून त्यात लिहायच्या. तारीख, कोण, काय विचारलं, कुठे कळवायचं. शेवटचा रकाना ‘कळवलं’ असा. तो रकाना पहिल्या पानापासून कोरा होता.

वहीतली पहिली नोंद त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाची.

घरात त्याला बाळ्या म्हणतात. आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे, डोक्यावर एक केस उरलेला नाही, तरी बाळ्याच. तेव्हा तो बावीसचा होता आणि मोठ्या सरकारी हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून नुकताच चिकटला होता. हाताला भारी खाज. घरातलं घड्याळ, शेजाऱ्यांचा रेडिओ, कोणाची इस्त्री, काही दिसलं की खोलून बसायचा. हॉस्पिटलात गेला आणि बघतो तर काय, जिन्याखाली, व्हरांड्यात, बाथरूमच्या बाजूला यंत्रंच यंत्रं, मळक्या चादरी पांघरून उभी. कुठे एक वायर तुटलेली, कुठे बटण निखळलेलं. दुरुस्त करणारा माणूस राज्यात नाही म्हणून पडलेली. आता ताईला विद्यापीठात नोकरी लागलेली. विद्यापीठ म्हणजे सगळं ज्ञान एका कंपाउंडात, अशी बाळ्याची समजूत. त्याने साध्या कागदावर अर्ज लिहिला, केसांना पाणी लावून भांग पाडून काढलेला फोटो चिकटवला, आणि रांगेत येऊन उभा राहिला.

“अरे, घरी विचारायचंस ना!” ताई चाळणीतून पुटपुटली.

“घरचं वेगळं. हे रीतसर,” बाळ्या म्हणाला. “हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायला शिकवतात का? संध्याकाळी शिकवायला हवं, दिवसा माझी ड्युटी असते.”

ताई नवी होती, उत्साही होती. खिडकी बंद करून तीन खोल्यांत जाऊन विचारून आली. तिसऱ्या खोलीतल्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “बाई, हे विद्यापीठ आहे, गॅरेज नाही.” खोलीतले सगळे हसले. ताई परत आली, खाली मान घालून म्हणाली, “नाही. काही निघालं तर कळवते.”

“बरं,” बाळ्या म्हणाला. अर्ज तिथेच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी येताना ताईने ती लाल पाठीची वही विकत घेतली.

त्यानंतर बाळ्या स्वतःच शिकला. खोलायचं, बघायचं, परत लावायचं. जे दोन स्क्रू उरतील ते कुठले याचा विचार करत झोपायचं. दहा वर्षांत हॉस्पिटलला अशी सवय झाली की यंत्र थांबलं की सिस्टर डॉक्टरांच्या आधी बाळ्याला हाक मारायच्या. पगार वॉर्डबॉयचा, काम इंजिनियरचं. त्याला त्याचंही काही नव्हतं. त्याचा जीव होता काचपेट्यांत, नवजात बाळांना ऊब द्यायला ठेवतात त्या. बारा पेट्या होत्या आणि बाराही चालू होत्या. हे राज्यात दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात असेल तर दाखवा, असं तो छाती फुगवून सांगायचा.

आणि याच महिन्यात हॉस्पिटलात नवा हुकूम आला. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्याने यंत्राला हात लावायचा नाही. बाळ्याची हत्यारांची पिशवी स्टोअरमध्ये जमा झाली आणि त्याला स्ट्रेचर ढकलायला लावलं. रविवारी तो ताईकडे आला होता. ताईच्या नवऱ्याने, जे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, त्यांनी विचारलं, “मग घे की प्रमाणपत्र.”

“कुठून घेऊ, भाऊजी? कोणी देत असेल तर ना!”

“असं काही निघालं तर…” ताई बोलायला लागली आणि तिने जीभ चावली. बाळ्या हसला. कडू हसणं नव्हतं ते, नुसतंच हसला, पण ताईला ते फार लागलं.

आणि इथेच सगळी गंमत आहे. गंमत कसली, कपाळाला हात लावायची वेळ आहे. कारण ते निघालं होतं! तीन आठवड्यांपूर्वीच निघालं होतं, आणि खुद्द बाईंच्याच फळ्यावर उलटं लटकत होतं.

ते असं झालं.

सरकारने विद्यापीठाला विचारलं होतं की बाबांनो, पंचवीस वर्षांनी आपल्या लोकांना कशाकशाची गरज पडणार आहे आणि तुम्ही त्यासाठी काय करताय? झालं, समिती बसली. वरच्या मजल्यावरच्या गार हॉलमध्ये तीन वर्षं बसली. फळ्यावर गोल काढले, गोलांतून बाण काढले, बाणांवर चहा झाला. तिथे एक पदार्थविज्ञानाच्या मॅडम होत्या. अंगाने काडी, पण बोलायला लागल्या की खुर्च्या सरकायच्या. त्या दर वर्षी दोनदा एकच प्रस्ताव मांडायच्या, हॉस्पिटलातली यंत्रं सांभाळणारी माणसं तयार करा, संध्याकाळचा वर्ग काढा, काम करणाऱ्यांसाठी काढा. पाच वेळा तो फेटाळला. सहाव्यांदा समितीने कंटाळून म्हटलं, बरं, एकदा करून बघा. येत्या चौथ्या शनिवारी चार वाजेपर्यंत वीस अर्ज आले तर वर्ग सुरू, नाही तर विषय कायमचा बंद. जाहिरात नाही. चौकशीच्या फळ्यावर नोटीस लावा, पुरे.

नोटीस निघाली पाठकोऱ्या कागदावर. विद्यापीठात कागद वाचवायचा नियम आहे, जुन्या नोटिशीच्या कोऱ्या पाठीवर नवी नोटीस छापायची. मग जी जुनी बाजू आहे तिच्यावर लाल पेन्सिलीने फुली मारायची. ही फुली छपाईवाल्यांनी मारायला हवी, पण त्यांनी केव्हाच कानावर हात ठेवलेत, म्हणून ज्याच्या टेबलावर कागद पडेल तो मारतो. त्या दिवशी निकालांचा आठवडा, रांग दारापर्यंत, बाईंच्या खांद्यावर फोन दाबलेला. कागदांचा गठ्ठा आला. बाईंनी सपासप फुल्या मारल्या आणि एकेक टाचणीने लावला. मॅडमच्या नोटिशीवर त्यांनी लाल फुली मारली आणि फळ्यावर झळकली मागची, गेल्या वर्षीची. ‘रंगकामानिमित्त अभ्यासिका १२ तारखेपासून पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.’ साल नव्हतंच लिहिलेलं. ग्रंथपाल कधीच लिहीत नाहीत.

उलगडा केला तोही त्या ग्रंथपालांनीच. गुरुवारी दुपारी ते खिडकीशी आले. पहिला आठवडा ते शांततेवर बेहद्द खूश होते, दुसऱ्या आठवड्यात त्यांना करमेना, तिसऱ्या आठवड्यात भीती वाटायला लागली.

“बाई, पोरं वाचायची थांबली हो! तीन आठवडे अभ्यासिकेत चिटपाखरू नाही.”

“बंद आहे ना ती. रंग चाललाय.”

“कसला रंग?”

“फळ्यावर आहे की तुमची नोटीस.”

दोघं फळ्यापाशी गेली. ग्रंथपालांनी स्वतःचीच सही बघून डोळे किलकिले केले, म्हणाले, “ही मागल्या सालची!” बाईंनी टाचणी काढून कागद उलटला. लाल फुलीच्या खाली छापलेलं होतं, ‘रुग्णालयीन यंत्रांची देखभाल व दुरुस्ती. सायंकालीन पदविका. नोकरी करणाऱ्यांसाठी.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली. ग्रंथपाल काहीतरी विचारत होते, ते ऐकूच येईना. फुली स्वतःचीच होती. त्यांचा हात डावरा, फुलीची शेपटी डावीकडे जाते, दुसऱ्या कोणाची असायची शक्यताच नाही.

खिडकी बंद करून त्यांनी वही उघडली. या तीन आठवड्यांत नेमकं हेच विचारायला आठ माणसं येऊन गेली होती. आठही जणांना त्यांनी नाही सांगितलं होतं. त्यातली एक तर बाळ्याच्याच हॉस्पिटलातली सिस्टर होती. तिचा प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नव्हता, ‘हॉस्पिटलातली यंत्रं’ एवढं ऐकलं आणि नाही. बावीस वर्षं ज्या एका उत्तराची वाट बघितली, ते दारात येऊन उभं राहिलं तर आपणच त्याच्या तोंडावर लाल फुली मारली! बाईंना स्वतःचा असा संताप आला की त्यांनी ती लाल पेन्सिल कडकन मोडली. मग दोन्ही तुकडे टेबलावर नीट ठेवले, कारण विद्यापीठाची वस्तू होती.

मॅडमची खोली मागच्या इमारतीत, जिना चढून. बाई गेल्या तेव्हा मॅडम पत्र लिहीत होत्या.

“मॅडम, तुमच्या कोर्सला किती अर्ज आले?”

“तीन. तिन्ही माझ्याच ओळखीचे.” मॅडमनी वर बघितलं नाही. “समितीला कळवतेय की मागे घेते. लोकांना नकोच असेल तर मी तरी कशाला डोकं फोडून घेऊ?”

“लोकांना हवाय. मी चूक केली.” बाईंनी कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, गर्दी होती ही सबबसुद्धा सांगितली नाही.

मॅडम फुलीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज चढला. “तीन वर्षं, बाई! तीन वर्षं मी त्या लोकांशी भांडले! आणि तुम्ही पेन्सिलीच्या एका रेघेने… वाचायचं नाही का हो? एक ओळ वाचायची नाही?”

“वाचायला हवं होतं,” बाई म्हणाल्या.

मॅडमचा चढलेला आवाज खाली आला. भांडणाला दोन बाजू लागतात. बाईंनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. “यात त्रेचाळीस जण आहेत. बावीस वर्षांत ज्यांनी हेच विचारलं ते सगळे. पत्ते आहेत, फोन आहेत. आज गुरुवार. मला दोन दिवस द्या, मग ते पत्र पाठवा.”

मॅडमनी पहिलं पान बघितलं, मग दहावं, मग मधलं कुठलंतरी. त्या वाचतच राहिल्या. विहिरीचं पाणी तपासून मिळेल का. म्हाताऱ्या आईला उचलायचं कसं, अंघोळ कशी घालायची, हे शिकवतात का. बहिऱ्या मुलाला शिकवायचंय, त्यासाठी आधी मला कोण शिकवेल. छपरावरची सौरपाटी बंद पडली, बसवणारे फोन उचलत नाहीत, विद्यापीठातलं कोणी येईल का. एका खाली एक, बारीक डावरं अक्षर.

“आम्ही वर तीन वर्षं बाण काढतोय,” मॅडम हळूच म्हणाल्या, “आणि हे तुमच्या ड्रॉवरमध्ये होतं.”

“ड्रॉवरमध्ये नाही, मॅडम, पेटीत. ड्रॉवर उघडत नाही. मी लागले तेव्हापासून अर्ज दिलाय.”

त्या संध्याकाळी बाईंच्या घरी दोन फोन चालू होते. एकावर बाई, दुसऱ्यावर नवरा. नवरा स्वभावाने गरीब, त्यांना अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे घाम फुटतो, पण बायकोचा चेहरा बघून ते मुकाट नंबर फिरवत होते. जुने नंबर सहा आकडी, ते लागतच नव्हते; त्या लोकांना वहीतल्या पत्त्यावर चिठ्ठी पाठवली. एका नंबरावर आता पिठाची गिरणी होती. एक गृहस्थ वारले होते, त्यांच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाबा नेहमी म्हणायचे, विद्यापीठातून फोन येणार आहे.” मग ती मुलगीच म्हणाली, “मी लॅबमध्ये काम करते. मला चालेल का?”

“चालेल,” बाई म्हणाल्या, आणि घाईघाईने तिचा पत्ता लिहून घेतला.

कोणी शिव्याही दिल्या. अठरा वर्षांपूर्वी आलेला एक रेडिओ-मेकॅनिक म्हणाला, “आता आठवण झाली होय? आता मी मोबाइलची कव्हरं विकतो!” आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी त्याचाच परत आला. “किती वाजता असतो तो वर्ग?”

सिस्टरला मात्र बाई शुक्रवारी सकाळी स्वतः जाऊन भेटल्या, हॉस्पिटलच्या मागच्या दाराने, ड्युटी बदलायच्या वेळेला. हात जोडून म्हणाल्या, “मी तुमचं पुरतं ऐकून घेतलं नव्हतं.” सिस्टर म्हणाली, “अहो, आम्हाला सवय आहे, आमचंही कोणी ऐकत नाही,” आणि तिथल्या तिथे फॉर्म भरला. बाळ्या लांब व्हरांड्यात रिकामा स्ट्रेचर ढकलत होता. बाईंनी त्याला हाक मारली नाही.

का मारली नाही? तर त्रेचाळीस जणांत पहिलं नाव त्याचं होतं आणि बाईंनी तेच सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. धीरच होत नव्हता. सख्ख्या भावाला काय सांगायचं, की रविवारी तू माझ्यासमोर बसून विचारत होतास तेव्हा ते माझ्याच फळ्यावर होतं? शुक्रवारी संध्याकाळी सतरा अर्ज झाले, यादीत बाकी कोणी राहिलं नाही, तेव्हा त्यांनी फोन लावला. सगळं सांगितलं.

बाळ्याने ऐकून घेतलं. मग बाळ्या म्हणाला, “ताई, चव्वेचाळिसाव्या वर्षी पाटी-दप्तर घेऊन बसू? ज्या पोरांना मी स्क्रू कुठला कुठे जातो ते शिकवलं, त्यांच्या बाकावर?”

“बाळ्या, प्रमाणपत्र मिळेल रे. पेट्यांना हात लावू देतील.”

“बावीस वर्षं माझे हात चालले. आता कागद लागला. राहू दे.” आणि मग म्हणाला, “तू तेव्हा नाही म्हणालीस, तेव्हा मी बरं म्हणालो होतो ना? आता मी नाही म्हणतो, तू बरं म्हण.”

बाई बरं म्हणाल्या. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी परत धुतली. नवऱ्याने दारातून बघितलं आणि फडकं घेऊन ते ती पुसायला लागले.

शनिवारी विद्यापीठ अर्धा दिवस असतं, पण प्रवेशाची खोली चारपर्यंत उघडी होती. तिथे शिक्के मारायला बसतात ते काका नियमाचे असे पक्के की स्वतःच्या मुलाचा फॉर्म त्यांनी एका सहीसाठी परत पाठवला होता. रेडिओ-मेकॅनिक बायकोला घेऊनच आला. अठरा झाले. दीड वाजता बारक्या दवाखान्यातला एक कंपाउंडर धापा टाकत आला, एकोणीस. मग दोन वाजले. अडीच वाजले. मॅडम खाली येऊन व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. बाई आपल्या खिडकीत बसल्या होत्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न, मग तो संडास कुठे आहे हा का असेना, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकत होत्या.

तीन वाजले. मॅडम चाळणीशी येऊन म्हणाल्या, “एकोणीस म्हणजे एकोणीस, बाई. समिती वीस म्हणजे वीस म्हणेल.” बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांनी मान हलवली.

साडेतीनला खिडकीसमोर हॉस्पिटलचा निळा गणवेश येऊन उभा राहिला. समोर कोणी नसताना तो रांगेच्या पट्ट्यांमधून वळणं घेत घेत आला होता.

“हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायला शिकवतात का?” बाळ्याने चाळणीतून विचारलं. “संध्याकाळी शिकवायला हवं, दिवसा माझी ड्युटी असते.”

बाईंनी सगळा प्रश्न शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकला. आता जो शब्द म्हणायचा होता, तो बावीस वर्षांत या प्रश्नाला कधी दिलाच नव्हता.

“आहे,” त्या म्हणाल्या. मग पदराने काच पुसली, जणू काचेवरच काही पडलं होतं. “तू तर नाही म्हणाला होतास.”

“सकाळी सात नंबरची पेटी थांबली, ताई.” बाळ्याचा चेहरा इतका थकलेला बाईंनी कधी बघितला नव्हता. “मला माहीत होतं काय झालंय. पंख्याचा पट्टा. दोन मिनिटांचं काम. मी तिथे उभा होतो आणि मला हात लावू दिला नाही. पोराला टॉवेलात गुंडाळून दुसऱ्या मजल्यावर पळवत नेलं. आहे, बरं आहे पोर. पण मी नुसता उभा होतो, ताई. हात खिशात घालून.” त्याने काचेच्या भोकातून हात पुढे केला. “फॉर्म दे.”

फॉर्म भरला. बाळ्याचं अक्षर अजूनही तसंच, शाळेतल्यासारखं मोठं मोठं. बाईंनी वरून खाली तपासला आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. “फोटो?”

“फोटो कुठला! मी ड्युटीवरून तसाच आलोय.”

फाटकापाशी फोटोवाला होता, तो शनिवारी दोनला दुकान बंद करतो. पुढचा फोटोवाला बाजारात. चारला बारा मिनिटं कमी. बाईंनी एकदा घड्याळाकडे बघितलं, मग पेटीतली वही काढली. पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात एक पिवळा पडलेला अर्ज होता, चार घड्या घातलेला. त्याच्या कोपऱ्यात पाणी लावून भांग पाडलेला, भरल्या गालांचा एक पोरगा बघत होता. बाईंनी टेबलावरच्या वाफाळत्या चहाच्या कपावर तो कोपरा धरला, फोटो अलगद सुटला. ज्या बाईंनी बावीस वर्षांत कोणाला एक नियम वाकवू दिला नव्हता, त्यांनी तो गोंद लावून फॉर्मवर चिकटवला आणि वरून मुठीने दाबला.

“तू हा ठेवला होतास?” बाळ्याने विचारलं.

“चल,” बाई म्हणाल्या.

शिक्केवाल्या काकांनी फॉर्म घेतला. फोटो बघितला. बाळ्याच्या डोक्याकडे बघितलं. परत फोटो बघितला. मॅडम दाराशी उभ्या होत्या.

“हे कोण?”

“हेच ते,” बाई म्हणाल्या.

“यांना केस आहेत.”

“वाट बघताना गेले,” बाई म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढला. घड्याळाकडे बघितलं, तिथे चारला तीन मिनिटं कमी होती. मग त्यांनी शिक्का शाईवर दाबला आणि बरोब्बर फोटोच्या कोपऱ्यावर हाणला. “एक महिन्यात नवा आणून द्या,” असं म्हणून त्यांनी नोंदवहीत वीस आकडा लिहिला. मॅडम मटकन बाहेरच्या बाकावर बसल्या आणि पर्सच्या आड तोंड करून रडल्या. त्यांचं रडणंसुद्धा भांडल्यासारखंच होतं.

बाई खिडकीत परत आल्या. वहीचं पहिलं पान उघडलं, पहिल्या ओळीत शेवटच्या रकान्यात तारीख घातली आणि लिहिलं, कळवलं. पुढच्या पानांवर याच प्रश्नाच्या बेचाळीस ओळी होत्या, त्याही शोधून एकेक करून भरल्या. जे वारले होते त्यांच्यापुढे मुलीचं नाव लिहिलं. मग वही मिटून मॅडमच्या हातात दिली. “सोमवारी समितीला दाखवा. पण परत आणा, मला रोज लागते.”

बाळ्या अजून काचेपलीकडेच घोटाळत होता.

“वर्ग कुठे भरतो म्हणालीस?”

“मागची इमारत, दुसरा मजला, चार नंबरची लॅब. सोमवारी साडेसहा. उशीर करू नकोस, मॅडम रागीट आहेत.”

“ड्युटी सहाला सुटते, ताई. खायला कधी मिळणार?”

“डबा मी देईन,” बाई म्हणाल्या. “खिडकीतून घेऊन जा. आणि रांगेत ये.”